एक दिवस लेकराचा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

मागं एकदा याच रेडिओवर आम्ही गटाची हिशेबवही कशी लिहावी, यावर बोललो होतो. तेव्हापासून गावातल्या बायका मागं लागल्यात, "तुम्ही लेकीकडं अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचं काहीतरी सांगा की." सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ढगाला टेकणाऱ्या इमारती आहेत. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं गोड्या पाण्याचं तळं आहे. पण आज आम्ही फक्त एका दिवसाची गोष्ट सांगणार आहोत. एक आई आपल्या लेकीला खेळाचा सामना बघायला घेऊन गेली, तो दिवस. आम्ही त्यांच्या मागच्या रांगेत बसून तो बघितला.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. कृष्णाकाठी आमचं थोडं बागायत, ऊस आणि भुईमूग. दोन लेकरं. थोरला गावातच शेती बघतो. धाकटी लेक शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि लग्नानंतर शिकागोला गेली. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली भाषण केलं, तेच हे शिकागो. लेक तिथं कॉम्प्युटरचं काम करते. तिला एकच मुलगी आहे, नऊ वर्षांची. मराठी बोलते, पण मधे मधे अडते आणि मग इंग्रजीवर घसरते.

आम्ही जूनमध्ये गेलो. तिकडं तेव्हा शाळांना सुट्टी असते. जावईबापू कामासाठी दुसऱ्या शहरात होते. घरात लेक, नात आणि आम्ही. लेक सकाळी जी कॉम्प्युटरपुढं बसायची, ती जेवायलाही नीट उठायची नाही. रात्री इकडच्या माणसांशी तिचं बोलणं चालायचं, कारण इकडं तेव्हा दिवस असतो. आपल्याला वाटतं, परदेशातली लेक म्हणजे सुखात. सुख आहे, नाही असं नाही. पण खुरपं हातात नसलं म्हणून कष्ट चुकत नाहीत, हे आम्ही तिथं बघितलं.

नातीच्या खोलीत भिंतीवर निळ्या टोपीतल्या खेळाडूंची चित्रं होती. खेळ कुठला, तर बेसबॉल. नात शाळेत मुलींच्या संघातून असाच एक खेळ खेळते. शिकागोचं जुनं मैदान घरापासून गाडीनं तासाभरावर, पण तिथला सामना तिनं कधी बघितलेला नव्हता. आदल्या उन्हाळ्यात आईनं कबूल केलं होतं, ऐन वेळी काम निघालं. त्या वर्षी मे महिन्यात पुन्हा ठरलं, पुन्हा काम निघालं. आम्ही सहज विचारलं, "काय गं चिमणे, तुझा सामना कधी?" ती खाली बघत म्हणाली, "आईला काम आहे, आजी. इट्स ओके. टीव्हीवर दिसतो."

मैत्रिणींनो, हट्ट करणाऱ्या लेकराला आपण रागावतो. पण हट्ट करणारं लेकरू बरं. त्याला अजून आशा असते. मागायचं सोडून दिलेलं लेकरू शहाणं वाटतं, घरात त्याचं कौतुकही होतं, आणि आत काय झालंय ते कुणाला दिसत नाही. नातीचं ते "इट्स ओके" ऐकून आम्हा दोघांना काहीतरी टोचलं. काय टोचलं, ते तेव्हा कळलं नाही.

त्या रात्री जेवताना हे लेकीला म्हणाले, "बाई, एक दिवस रजा काढ." ती चिडली. "आप्पा, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते." आम्ही गप्प बसलो. तिचंही खरंच होतं. पण दोन दिवसांनी तीच म्हणाली, "गुरुवारची रजा मिळाली. चौघांची तिकिटं काढली आहेत." नातीनं आधी विश्वासच ठेवला नाही. बुधवारी रात्री तीनदा येऊन विचारून गेली, "आई, उद्या नक्की ना?"

गुरुवारी सकाळी आम्ही धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. सवयच आपली, घराबाहेर पडायचं म्हणजे शिदोरी हवी. निघताना लेकीनं एक गोष्ट केली. आपला मोबाईल काढला, आवाज बंद केला आणि ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. म्हणाली, "आप्पा, हा तुमच्याकडं ठेवा. मी मागितला तरी द्यायचा नाही. जावयांचा फोन आला तर तेवढा सांगा." नात डोळे मोठे करून बघत होती.

आम्ही आगगाडीनं गेलो. डब्यात जो तो निळी टोपी, निळा सदरा घातलेला. म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. आपल्याकडं जत्रेला निघालेली एसटी असते ना, तसाच तो डबा होता. स्टेशनातून उतरलं की मैदान समोरच. रिग्ली फील्ड त्याचं नाव. १९१४ साली बांधलेलं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांचं. चाळीस हजारांच्या वर माणूस आत मावतं.

आत अंधारी वाट, मग वर जायच्या पायऱ्या. नात आईचा हात धरून पुढं, आम्ही मागं. पायऱ्या चढून वर गेलो आणि एकदम समोर हिरवंगार मैदान, वर निळं आभाळ. त्या दोघी तिथंच थांबल्या. मागची माणसं खोळंबली, पण कुणी ओरडलं नाही. नात काही बोलली नाही, तिनं आईचा हात फक्त जास्त घट्ट धरला. सामन्याच्या लांब भिंतीवर वेल चढवलेले आहेत, १९३७ सालापासून. मोठा धावफलकही त्याच काळातला. आजही त्याच्या आत माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हातानं लावतात. एवढ्या पुढारलेल्या देशात हातानं पाट्या लावताना बघून ह्यांना फार बरं वाटलं.

आमची तिकिटं दोन आणि दोन अशी होती. पुढच्या रांगेत मायलेकी, मागच्या रांगेत आम्ही. त्यामुळं आम्हाला सामना दिसत होता, पण त्याहून जास्त त्या दोघींच्या पाठी दिसत होत्या.

आता खेळ थोडा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बेसबॉलला बॅट असते, पण आपल्या क्रिकेटसारखी चपटी नाही, मुसळासारखी गोल. चेंडू टप्पा न पाडता सरळ अंगाच्या उंचीनं टाकतात. नऊ-नऊ जणांचे संघ. मैदानावर चौकोनी शंकरपाळीसारखी आखणी असते आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. चेंडू मारला की बॅट तिथंच टाकून पळायचं, एका ठाण्यावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, आणि जिथून निघालो त्या ठाण्यावर परत. त्या ठाण्याला ते 'होम' म्हणतात, म्हणजे घर. फिरून घरी पोचला तरच एक धाव. मधेच अडकला तर काही नाही. तीन जण बाद झाले की डाव पालटतो. प्रत्येक संघाचे असे नऊ डाव. नऊ डावांनंतर बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळत राहतात.

सुरुवातीला आम्हाला काहीच कळेना. तो चेंडू फेकतो, हा बॅट फिरवतो, चेंडू लागतच नाही आणि लोक टाळ्या वाजवतात. तेव्हा नात मागं वळून आमची मास्तरीण झाली. "आजी, तीनदा चुकला की आउट." मग तिनं एक जाड कागद दाखवला. दारावर तो आणि पेन्सिल विकत मिळते. कागदावर एका बाजूला खेळाडूंची नावं, पुढं चौकटी. प्रत्येक खेळाडूनं प्रत्येक डावात काय केलं ते त्याच्या चौकटीत भरायचं. चेंडू न लागता बाद झाला तर इंग्रजी 'के' लिहायचं. घरी परत पोचला तर चौकटीतली शंकरपाळी पेन्सिलीनं भरून टाकायची. बघितल्याबरोबर आम्ही म्हणालो, "अगं, ही तर आमच्या गटाची वही!" नावं डाव्या बाजूला, महिने वर, ज्याचं जे आलं ते त्याच्या घरात. नातीला हसू आलं. पण खरंच, तिथून पुढं आम्हाला खेळ कळायला लागला.

मायलेकींनी तो कागद आळीपाळीनं भरला. एक डाव आईनं लिहायचा, एक लेकीनं. लेकीची पेन्सिल घाईत चुकायची आणि नात दटावायची, "आई, लक्ष दे ना!" इतक्या दिवसांत लेकरानं आईला असं दटावलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आणि आईनं मुकाट्यानं खोडून दुरुस्त केलं.

तिसऱ्या का चौथ्या डावात नातीनं आम्हाला एक गोष्ट सांगितली. शाळेत तिनं त्यावर निबंध लिहिला होता. म्हणाली, "आजी, इथं बायका खेळल्यात." आम्हाला वाटलं, गंमत करतीय. पण ती खरीच गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात तिकडची तरुण माणसं सैन्यात गेली. खेळाडूही गेले. मैदानं ओस पडतील म्हणून या शिकागोच्या संघाचे मालक रिग्ली यांनी १९४३ साली बायकांचे संघ उभे केले. पैसे देऊन खेळायला ठेवलेल्या बायका, शेतावरच्या, कारखान्यातल्या. त्यांना झगा घालून खेळावं लागायचं. मातीत घसरलं की मांड्या सोलून निघायच्या. बसावं कसं, बोलावं कसं, तोंडाला काय लावावं, याचेही धडे त्यांना घ्यावे लागले. बायांनी बॅट धरलेली चालते, पण बाईपण सुटता कामा नये! आपल्याला हे नवीन नाही. बारा वर्षं ते संघ चालले, १९५४ पर्यंत. सहाशेहून जास्त बायका त्यात खेळल्या.

आणि ऐका. या मैदानावर रात्रीच्या सामन्यासाठी कायमचे दिवे लागले ते १९८८ साली. पण त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १९४३ च्या जुलैमध्ये, तात्पुरते दिवे उभारून इथं रात्रीचा सामना झाला होता. तो सामना बायकांचा होता. रात्रीच्या उजेडात या मैदानावर पहिल्यांदा बायका खेळल्या. नात हे सांगताना उभीच राहिली होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा निबंध तू मला वाचून दाखवला नाहीस." नात म्हणाली, "दाखवणार होते. तू मीटिंगमध्ये होतीस." लेक काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आज रात्री वाच."

त्या मैदानावर खायला काय मिळतं, सांगू? भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा! सालीसकट. पिशवी घ्यायची, सोलायच्या, टरफलं खाली टाकायची. सगळ्यांच्या पायांखाली टरफलं. तिकडं बेसबॉल आणि शेंगा यांची जोडी फार जुनी आहे. ह्यांनी एक शेंग फोडली, दाणा बघितला, चावला आणि म्हणाले, "बरी आहे." शेतकऱ्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

लेक शेंगा सोलत होती. सोलता सोलता मागं वळली आणि म्हणाली, "आई, त्या वर्षी पण शेंगाच होत्या ना?"

आम्हाला कळेना. "कुठल्या वर्षी गं?"

"मी सहावीत होते. सांगलीला खो-खोची मॅच होती. तुम्ही येणार होता."

तेव्हा आठवलं. मैत्रिणींनो, आम्ही ते पार विसरून गेलो होतो. शाळेचा मुलींचा संघ जिल्ह्याला निवडला होता. लेक धावण्यात चपळ. चार दिवस आधीपासून म्हणत होती, "आई, आप्पा, तुम्ही बघायला या." आणि नेमका भुईमूग काढणीला आलेला. आभाळ भरून आलेलं. काढला नसता आणि पाऊस लागला असता, तर जमिनीतच शेंगांना मोड आले असते. बायका सांगितलेल्या होत्या. आम्ही तिला म्हणालो, "पुढच्या वेळी येऊ." ती गुरुजींबरोबर गेली, रात्री उशिरा आली. सकाळी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "हरलो," आणि दप्तर घेऊन गेली. पुढच्या वर्षी सामने कधी होते, ते तिनं सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, पोरगी शहाणी झाली. घरची परिस्थिती कळायला लागली.

लेक म्हणाली, "तेव्हा शेंगा काढणं भागच होतं. मला कळतं ते. पण त्या दिवशी डाव संपला की प्रत्येक वेळी मी दोरीपलीकडं बघायची. वाटायचं, उशिरा का होईना, कुणीतरी एक जण याल."

आवाजात राग नव्हता. साधं सांगावं तसं तिनं सांगितलं. हे खिशातला फोन चाचपत बसले. आम्ही म्हणालो, "चुकलंच आमचं." एवढ्या वर्षांत हे शब्द आम्ही तिला कधी म्हटले नव्हते. तिचे डोळे भरले. म्हणाली, "चूक कशाची, आई. मी पण तेच करत होते की." तेवढ्यात नातीनं तिला ओढलं, "आई, आउट झाला! लिही!" आणि ती पुढं वळली.

कुणीतरी एक जण. हे शब्द आमच्या डोक्यातून गेले नाहीत. दोघांनी जायची गरजच नव्हती. शेंगा काढायला एक जण थांबला असता आणि एक जण एसटीनं सांगलीला गेला असता, तर संध्याकाळपर्यंत परत आला असता. एवढं साधं आम्हाला तेव्हा सुचलं नाही, कारण लेकीचा खेळ हे काम आहे, असं आमच्या मनात नव्हतंच. लग्नकार्याला, मयताला, बाजाराला आम्ही शेत सोडून गेलोच होतो. लेकराच्या सामन्यासाठी कुणी शेत सोडतं का?

सातव्या डावाच्या मध्यावर तिथं एक रीत आहे. सगळं मैदान उठून उभं राहतं, हातपाय मोकळे करतं आणि एक जुनं गाणं म्हणतं. १९०८ साली लिहिलेलं ते गाणं आहे. लेकीनं नंतर सांगितलं, की ज्या ओळी सगळे गातात, त्याच्या आधीचं कडवं फारसं कुणाला माहीत नसतं. त्या कडव्यात एका मुलीची गोष्ट आहे. तिला कुणी दुसरीकडं फिरायला नेऊ म्हणतं, तर ती म्हणते, नेायचं तर मला सामन्याला ने. हजारो माणसं गात होती. मायलेकी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून डोलत होत्या. आम्हाला शब्द येत नव्हते, आम्ही टाळ्या वाजवल्या.

ह्यांच्या खिशातला फोन त्या दुपारी किती वेळा थरथरला, ते ह्यांनाच माहीत. दर वेळी हे डोळे बारीक करून जावयांचं नाव आहे का एवढं बघायचे आणि परत खिशात ठेवायचे. आठव्या डावात लेकीनं हात मागं केला. "आप्पा, एकदा बघू द्या फक्त." हे म्हणाले, "नाही. तूच सांगितलंयस." नात इतकी हसली, इतकी हसली, की शेजारची गोरी म्हातारी काही न कळता आमच्याबरोबर हसायला लागली.

त्या दिवशी शिकागोचा संघ हरला. सामना जिंकला की त्या धावफलकावर पांढरा झेंडा चढवतात, हरला की निळा. निळा चढला. आम्हाला वाटलं, नात रडेल. थोडं तोंड पाडलं तिनं. मग आईनं तिला कागदावरची एक चौकट दाखवली. "हा बघ, याला आज चारदा खेळायला मिळालं, एकदाच जमलं." नात लगेच म्हणाली, "आई, दहापैकी तीनदा जमलं तरी तो चांगला प्लेयर असतो." हे खरं आहे. आम्ही नंतर विचारून घेतलं. त्या खेळात चेंडू मारून सुखरूप ठाण्यावर पोचणं इतकं अवघड, की दहापैकी तीनदा ज्याला ते साधतं, त्याची चांगल्या खेळाडूंत गणना होते. सात वेळा हुकलं तरी!

परतीच्या गाडीत नात आईच्या खांद्यावर झोपली. भरलेला कागद हातात तसाच. आम्ही दोघं खिडकीतून बाहेर बघत होतो आणि त्या दहापैकी तीनचा हिशेब करत होतो. लेकराच्या प्रत्येक हाकेला कुठल्या आईबापाला ओ देता येते? शेतकऱ्याला नाही, मजुरी करणारीला नाही, कॉम्प्युटरवाल्या लेकीलाही नाही. सात वेळा हुकणारच. पण आमचं त्या बाबतीत दहापैकी शून्य झालं होतं. लेक सहावीतून सातवीत गेली, सातवीतून दहावीत गेली, तिच्या दोरीपलीकडं आम्ही एकदाही उभे राहिलो नाही. तीन वेळा जमलं असतं, तरी तिनं बाकीचं माफ केलं असतं. लेकरं तेवढी मोठ्या मनाची असतात.

त्या एका दिवसानं लेकीच्या घरातलं सगळं बदललं, असं आम्ही सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा कॉम्प्युटरपुढं होतीच. पण गुरुवारी रात्री निबंध वाचून झाला. आणि पुढच्या आठवड्यात नात जेवताना म्हणाली, "आई, पुन्हा कधी जायचं? सांग ना. सांग ना!" लेक म्हणाली, "झाला हट्ट सुरू." आम्ही एकमेकांकडं बघितलं. हट्ट सुरू झाला, याचंच आम्हाला समाधान वाटलं.

आम्ही परत आलो. इथं थोरल्याची मुलगी आहे, अकरा वर्षांची. ती पण खो-खो खेळते. आत्यावर गेलीय. तालुक्याचे सामने लागले तेव्हा नेमकी आमची पाण्याची पाळी आली. थोरला म्हणाला, "पाणी सोडून कसं जायचं?" आम्ही म्हणालो, "तू पाणी बघ, आम्ही जातो." सूनबाईलाही बरोबर घेतलं. ती म्हणत होती, "मी कशाला, आत्याबाई, घरी कामं आहेत." आम्ही म्हणालो, "कामं संध्याकाळीही तिथंच असतील." एसटीत आता आपल्याला अर्धं तिकीट आहेच. शिदोरीला तेच धपाटे. तिथं झाडाखाली दिवसभर बसलो. नात पहिल्या डावात लवकर बाद झाली. बाद झाल्या झाल्या तिनं दोरीपलीकडं बघितलं. आम्ही तिघं होतो. सूनबाईनं पदर सावरत हात हलवला. पोरगी हसली आणि परत जाऊन बसली.

आमच्या लेकीनं त्या दिवशी सांगलीला असंच बघितलं असेल.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत सांगितली. आधी बायका हसल्या. "तुमचं बरं आहे बाई, आम्हाला कुठं वेळ?" मग एक जण म्हणाली, "माझा पोरगा कुस्ती खेळतो. मी एकदाही बघितली नाही." दुसरी म्हणाली, तिची मुलगी शाळेच्या संमेलनात दर वर्षी नाचते, पण तिला फोटोतच दिसते. मग बोलता बोलता सगळ्यांचंच असं काही ना काही निघालं. त्या बैठकीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटात उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, वर्षातून एकदा तरी एका लेकरासाठी एक दिवस. दोन लेकरं असतील तर दोघांचे दोन दिवस वेगळे. मुलीचा आधी, कारण तिचा राहून जातो.

दुसरी, त्या दिवसाला दुसरं काम जोडायचं नाही. सामन्याला गेलोच आहोत तर बाजार करू, दवाखान्यात जाऊन येऊ, बँकेत सही करू, असं नाही. लेकराला लगेच कळतं, की आपण कामाच्या पिशवीत आहोत.

तिसरी, दोघांना जमत नसेल तर एक जण जायचं. आणि ज्या बाईची म्हैस व्यालेली आहे, जिच्या घरात म्हातारं माणूस अंथरुणावर आहे, तिच्या घरी त्या दिवशी गटातली दुसरी बाई जाऊन बसेल. याची पाळी आम्ही हिशेबवहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. चौकटी आखून, नावं डाव्या बाजूला. ज्या आईचा दिवस झाला, तिची चौकट पेन्सिलीनं भरून टाकतो.

चौथी, मोबाईल दुसऱ्याच्या खिशात.

पैसे लागतात का, असं कुणी विचारेल. शिकागोच्या त्या तिकिटांना पैसे पडलेच, लेकीनं किती ते आम्हाला सांगितलंही नाही. पण आपल्या शाळेचा सामना, तालीम, संमेलन बघायला बहुतेक वेळा एसटीच्या भाड्यापलीकडं काही लागत नाही. जायला हवं ते माणूस.

आत्तापर्यंत आमच्या वहीतल्या पाच चौकटी भरल्यात. अजून बऱ्याच मोकळ्या आहेत. ज्या मैत्रिणीचा पोरगा कुस्ती खेळतो, ती या महिन्यात आखाड्यावर गेली होती. तो हरला, पण आईला घेऊन सगळ्या तालमीत फिरून आला आणि प्रत्येकाला म्हणाला, "ही माझी आई."

तुमच्या लेकरानं मागच्या वर्षी तुम्हाला कुठं यायला सांगितलं होतं, ते आज आठवून बघा. आठवत नसेल, तर त्यालाच विचारा. त्याच्या लक्षात असेल.

बराच वेळ बोललो. चुलीवरचं बघा आता. येतो आम्ही. नमस्कार.